वितळलेल्या मिठाची सफाई कशी करतात? (न्यूक्लिअर इंधनवालं मीठ)

आर्वीकर_पोट्टा: राम राम मंडळी, एमएस्सी केमिस्ट्री करून राह्यलो अन् सेमिनारले पायरोप्रोसेसिंग घेतलं, म्हंजे वापरलेल्या न्यूक्लिअर इंधनातून वितळलेल्या मिठात युरेनियम परत काढाची पद्धत. लिथियम क्लोराइड अन् पोटॅशियम क्लोराइडचं मीठ ५०० डिग्रीले वितळवतात, त्यात वापरलेलं इंधन ठेवून करंट दिला का युरेनियम कॅथोडवर (ऋण टोकावर) जमते, इथवर समजलं. पण बाकी कचरा तं मिठातच राह्यते ना? मंग मीठ फेकून नवीन कायले नाही घेत, असं किती महाग हाय ते?

धामणगाव_केमिस्ट: प्रश्न किमतीचा नाही रे भाऊ. ते मीठ रेडिओअॅक्टिव्ह झालेलं असतं आणि अणुकचरा ज्यात बंद करतात त्या नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत क्लोराइड नीट मुरत नाही, म्हणजे जितकं मीठ फेकशील तितका सांभाळायचा कचरा वाढला. मीठ काही झिजत नाही, त्यात फक्त घाण साठते, म्हणून घाण तेवढी काढायची. लँथनम, निओडिमियमसारखे रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा धातू) असतील तर ऑक्सिजन सोडला की ऑक्सिक्लोराइड होऊन खाली बसतात, सेरियमचा ऑक्साइड होतो, मग व्हॅक्यूममध्ये अजून तापवून वरचं मीठ वाफेनं काढून घ्यायचं, मोहाच्या भट्टीसारखं. पण त्याआधी युरेनियम-प्लुटोनियम काढून घ्यावं लागतं, नाहीतर तेही ऑक्साइड होऊन त्याच गाळात जातं.

गोंडपिपरी_०७: अन् इंधनातून मिठात आलेलं सीझियम? ते तं ऑक्सिजनले दाद देत नाही.

धामणगाव_केमिस्ट: बरोबर पकडलं, खरी डोकेदुखी तीच. स्ट्रॉन्शियम कार्बोनेट करून खाली पाडता येतं, सीझियम मात्र मिठाबरोबर वाफेत पण येतं. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल ३० वर्षं, उष्णताही भरपूर. दोन रस्ते आहेत, एक म्हणजे मीठ हळूहळू गोठवायचं, सीझियम शेवटी न गोठता उरलेल्या पातळ भागात ढकललं जातं. दुसरा झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज), तो सीझियम-स्ट्रॉन्शियम धरून ठेवतो, नंतर काच मिसळून भाजला की सोडालाइट या खनिजाचा टणक सिरॅमिक होतो.

आर्वीकर_पोट्टा: वा! अन् सुरुवातीचं नवीन मीठ तं शुद्धच असते ना?

मास्तर_दर्यापूर: कुठचं शुद्ध बाप्पा. लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी असं ओढते का उघडी बाटली पावसाळ्यात ओलीगच्च. तसंच तापवलं तं पाण्यामुळं एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड वायू) निघते अन् ऑक्साइड, हायड्रॉक्साइड उरते, म्हणून आधी व्हॅक्यूममध्ये हळूहळू वाळवा, अन् पुढचं सगळं काम आर्गॉनमध्ये, म्हंजे कशाशीच रिअॅक्शन न करणाऱ्या वायूत.

गोंडपिपरी_०७: हे आपल्याकडं कुठं होते?

धामणगाव_केमिस्ट: कल्पाक्कमला आयजीसीएआर या अणुसंशोधन केंद्रात यावर काम आहे. तारापूरला इंधन अॅसिडात विरघळवून वेगळं करायची पाणी-अॅसिडवाली प्युरेक्स पद्धत, ती वेगळी. अमेरिकेत आयडाहोला १९९६ पासून ईबीआर-टू या प्रायोगिक रिअॅक्टरचं इंधन असंच हाताळलं, सेमिनारमध्ये ते उदाहरण टाक.