अवतार घेऊन गप्पा मारायला आमचा कट्टा का येईना?

शटर_साडेनऊ

नमस्कार मंडळी. खडे बाजारात माझं कटलरीचं दुकान आहे. दहावीचे आम्ही नऊजण दोस्त. चौघं बेळगावात, तिघं पुण्यात, एक मडगावला, एक मस्कतला. पूर्वी गोवावेसला चहाच्या गाड्यावर रोजची बैठक असायची, आता उरलाय तो व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप.

मी २००७ साली बेंगळूरला नोकरीत होतो तेव्हा 'सेकंड लाइफ'वर खातं काढलेलं. ते म्हणजे कॉम्प्युटरमधलं एक जग, आपल्या नावाचं बाहुलं, म्हणजे अवतार, घेऊन त्यात हिंडायचं. त्या काळात त्याची हवाच तशी होती. लोक तिथं जमिनी घेत होते, दुकानं थाटत होते. मला त्यातलं बाकी काही जमलं नाही, पण समुद्राकाठी बाकावर बसून कुठल्यातरी देशातल्या माणसाशी गप्पा मारायची मजा आठवत होती. म्हटलं, आपली नऊ बाहुली एका बाकावर बसवू. दोन महिने मागं लागलो, तेव्हा एका रविवारी सहाजण आले.

काय झालं ते सांगतो. मस्कतवाल्यानं फुकटातला कोट घेतला. तो खोक्यातून मिळतो. खोकं उघडायचं सोडून ह्या गड्यानं खोकंच अंगावर चढवलं, आणि तासभर हाताला पेटी चिकटलेल्या अवस्थेत हिंडला. मडगाववाल्याची मान अचानक खाली पडली. आम्ही घाबरून विचारतोय काय झालं रे, तर साहेब जेवायला उठलेले! थोडा वेळ कीबोर्डला हात लावला नाही की तिथलं बाहुलं मान टाकतं. पुण्यातला एकजण लांब कारंज्यापाशी उभा, एक शब्द नाही. आम्हाला वाटलं रुसलाय.

पुढच्या रविवारी तिघं आले, त्यापुढच्या रविवारी मी धरून दोघं. आणि हीच माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर पहाटे सहापासून हजर! का ओ असं? 'इंटरेस्ट नाही' एवढ्या एका वाक्यात गुंडाळू नका.

टिळकवाडी_ते_हिंजवडी

काका, तुमच्याच दुकानाचं उदाहरण घ्या. ग्रुपवर मेसेज आला आणि समोर गिऱ्हाईक उभं राहिलं, की तुम्ही फोन पालथा ठेवता. बांगड्या दाखवून झाल्या की परत उचलता आणि दीड तासापूर्वीच्या विनोदावर हसता. कुणाला काही वाटत नाही. अवतार असा पालथा ठेवता येत नाही. तिथं सगळ्यांनी एकाच वेळी, हातातलं काम सोडून, कॉम्प्युटरसमोर बसायला लागतं. म्हणजे कट्ट्यावर येण्याएवढाच वेळ घालवायचा, आणि चहा नाही!

हे आजचंही नाही. लुकासफिल्म गेम्सनं १९८६ मध्ये कमोडोर ६४ ह्या घरगुती कॉम्प्युटरवर 'हॅबिटॅट' नावाचं असंच जग चाचणीला उतरवलं होतं. त्यातल्या बाहुल्यांना तेव्हाही अवतारच म्हणत. गूगलनं जुलै २००८ मध्ये 'लाइव्हली' नावाचं तसलंच जग आणलं आणि त्याच डिसेंबरच्या ३१ तारखेला बंद केलं. फेसबुकवाल्या 'मेटा'चं होरायझन वर्ल्ड्स हे जग डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडात सगळ्या प्रौढांना खुलं झालं, त्यातल्या माणसांना तर पायच नव्हते. माझ्या आजीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "भुताला निदान उलटे तरी असतात."

आमच्या ऑफिसात एकदा मीटिंगसाठी क्वेस्ट २, म्हणजे असल्या जगात शिरायला डोळ्यांवर बांधायचे हेडसेट, आणले होते. एकाचं वजन ५०३ ग्रॅम. अर्धा किलो कुंद्याचा डबा कपाळाला बांधून बघा, मग कळेल मीटिंग वीस मिनिटांत का आटोपली ते.

जांबोटी_रोड

मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पावसाचं राज्य. लाइट जाते, पाठोपाठ रेंज जाते. अशात साधा मेसेज लटकत लटकत का होईना पोचतो. असलं जग एकदा तुटलं की परत पहिल्यापासून आत जा.

पण खरी अडचण मला दुसरी वाटते. भाच्यानं मला असल्याच एका जगात नेलं. पहिला अर्धा तास नाक निवडण्यात गेला. मग केस, मग साडी शोधली तर साडीच नाही. चाळिशी उलटलेली बाई तर नाहीच नाही, सगळ्या विशीतल्या आणि सडसडीत. आमच्याकडं "काय हा अवतार!" कधी म्हणतात? केस पिंजारलेले, पदराला पीठ लागलेलं, तेव्हा. माझी मैत्रीण मला त्याच अवतारात ओळखते. ती बाहुली घेऊन तिच्यापुढं उभी राहिले तर मला आधी मीच कोण ते सांगायला लागेल.

आणि आमचं बोलणं म्हणजे मराठीत सुरू, मधे कानडी, शिवी हिंदीत, बाकीचं भुवयांनी. भुवई टाइप कशी करायची?

चित्ररथ_गल्ली

मला हे पटत नाही. आमची पोरं रोज रात्री अवतार घेऊनच गप्पा मारतात की. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळताना कान देऊन ऐका. निम्मं बोलणं 'इकडं ये, तिकडं गोळी घाल', उरलेलं निम्मं 'उद्या परीक्षेला काय आहे रे'. त्यांना कुणी 'चला, व्हर्च्युअल जगात बसून बोलूया' असं आमंत्रण दिलेलं नाही. हाताला काम आहे, म्हणून तोंड सुटतं.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी दरवर्षी सजीव देखाव्यात उभा राहतो. दाढी चिकटवलेली, हातात पत्र्याची ढाल, पहाटेपर्यंत ट्रॉलीवर. सोंग आहे म्हणून कधी लाजलो नाही, कारण प्रसंग आहे, मला त्यात जागा आहे. तीच दाढी लावून कुणी मला बाकावर बसवलं आणि म्हणाला 'हं, बोल आता', तर मी उठून घरी जाईन. तुम्ही दोस्तांना नुसतं बाकावर बसवलंत, शेट. पत्ते तरी वाटायचे होते.

शटर_साडेनऊ

पत्त्यांचं खरंच सुचलं नाही. पालथ्या फोनचं तर बिनतोड आहे, हे लिहितानाच दोनदा उठलो.

एक गोष्ट वर सांगितली नव्हती. तो कारंज्यापाशी उभा राहिलेला दोस्त लहानपणापासून बोलताना अडखळतो. ग्रुपवर आता सगळे व्हॉइस नोटच टाकतात, टाइप करायचा कंटाळा. हा कधी टाकत नाही. वाढदिवसाला अंगठा, दिवाळीला हात जोडलेले, बास. त्या रविवारीसुद्धा बाकीच्यांनी दहा मिनिटांत 'टाइप काय करायचं, माइक लाव' केलं आणि आम्ही तिकडं वळलो.

दोन दिवसांनी त्यानं मला एक फाइल पाठवली. तिथलं टाइप केलेलं कॉम्प्युटरवर साठवून ठेवता येतं. आणि ते टाइप केलेलं २० मीटरपर्यंतच पोचतं, हे त्याला माहीत नव्हतं, मीही विसरलो होतो. हा उभा असणार पंचविसावर. आम्ही रुसलाय म्हणत होतो तेव्हा तो पाऊण तास लिहीत होता. कपिलेश्वरच्या तळ्यावर एकाची चप्पल गेलेली ती गोष्ट, गणिताच्या सरांची नक्कल, वडील गेले त्या रात्रीचं. कुणी मधे तोडत नव्हतं, वाक्य पुरं करून देत नव्हतं. त्याला वाटलं, आम्ही गप्प बसून ऐकतोय.

तिसऱ्या रविवारी आलेला दुसरा माणूस तोच.

त्याला २० मीटरचं अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी शटर ओढलं की गल्ल्यावर लॅपटॉप उघडून अर्धा तास तिथं जातो. तो कारंज्यापाशीच असतो. मी पाच पावलांवर जाऊन उभा राहतो.