काउंटरमार्च मागाची जुळणी: दोरी बदलावी का आणि सुरुवात कोठून करावी?

आडवा_धागा: नमस्कार. मी स्वीडनमध्ये राहते. येथील जुन्या सामानाच्या विक्रीत मला चार शाफ्टचा (शाफ्ट म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली नेणारी चौकट) आणि सहा पेडलांचा काउंटरमार्च माग, म्हणजे पेडल दाबल्यावर काही शाफ्ट वर आणि बाकीचे खाली नेणारा हातमाग, मिळाला. पेडल दाबल्यावर वरचा थर नीट उचलला जातो, परंतु खाली जाणाऱ्या तिसऱ्या शाफ्टचे धागे मध्येच तरंगत राहतात आणि धोटा त्यांच्याखाली शिरतो. बांधणीची जुनी सुती दोरी बदलावी का? खर्चाची मर्यादा 500 क्रोनर आहे.

हेलसिंकीकर: मर्यादा क्षणभर बाजूला ठेवा आणि आठ शाफ्टचा नवा टोइका, म्हणजे फिनलंडचा त्या नावाचा माग, घ्या. मी घेतला आहे आणि तो पाहायला लोक घरी येतात. जुन्या लाकडावर वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येवलेकर: एवढा खटाटोप कशासाठी, हे समजत नाही. आमच्या खड्डामागावर एक शाफ्ट खाली गेला की त्याला वरून जोडलेला दुसरा आपोआप वर येतो, आणि साध्या विणीला दोन पायपट्ट्या पुरतात.

उभा_ताणा: येवलेकर, ती रचना साध्या विणीला उत्तम आहे. परंतु एक शाफ्ट वर आणि तीन खाली अशी ट्विल (तिरप्या रेघांची वीण) विणायची असेल, तर जोडीने चालणारे शाफ्ट अडतात. काउंटरमार्चमध्ये प्रत्येक शाफ्टला वर नेणारी आणि खाली ओढणारी अशा दोन स्वतंत्र जोडण्या असतात, म्हणून तेथे अडचण येत नाही.

आता मूळ प्रश्न. जुळणी नेहमी वरून खाली करावी. वरच्या जॅकमध्ये (शाफ्ट ज्यांना टांगलेले असतात त्या तरफांमध्ये) खिळ्या घालून ते स्थिर करावेत, सर्व शाफ्ट एका पातळीत आणावेत आणि ताण दिलेला ताणा हेडलच्या, म्हणजे शाफ्टवरच्या धागा ओवायच्या दोरीच्या किंवा तारेच्या, डोळ्याच्या मधोमध जातो का, हे बाजूने वाकून पाहावे. त्यानंतर लॅमच्या, म्हणजे शाफ्ट आणि पेडल यांच्यामधल्या आडव्या दांड्यांच्या, दोन्ही रांगा समांतर कराव्यात, आणि त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे, कारण पेडल दाबल्यावर काही लॅम वर जातात, काही खाली येतात आणि जागा कमी पडली तर एकमेकांवर आदळतात. पेडल सर्वांत शेवटी बांधावे. खाली जाणाऱ्या शाफ्टची दोरी वरच्या लॅमला आणि वर जाणाऱ्याची खालच्या लॅमला असते. तुमचा तिसरा शाफ्ट पुरेसा खाली जात नाही, म्हणून त्याच्या वरच्या लॅमपासून पेडलपर्यंतची दोरी थोडी आखूड करून पाहा. एका वेळी एकच दोरी हलवावी. विणण्यापूर्वी खिळ्या काढण्यास विसरू नये.

हेलसिंकीकर: खिळ्या काढायच्या असतात, हे मीही सांगणारच होतो.

सूतगिरणी_मागे: सुती गाठी सैल होतात, त्यामुळे टेक्ससॉल्व्ह घ्या. ती छिद्रांची पॉलिएस्टर दोरी असून खुंटी एका छिद्रातून दुसऱ्यात सरकवली की काम होते. माझ्या मागासोबत आलेली दोरी निकृष्ट होती आणि विक्रेत्याने बदलूनही दिली नाही, याचा राग अजून आहे.

उभा_ताणा: दोरी चांगली आहे, परंतु दोन छिद्रांच्या मधली लांबी तिला देता येत नाही. सरकगाठीची सुती दोरी तेथे अधिक बारकाईने जुळते.

सूतगिरणी_मागे: एवढी बारकाई चादरीला लागत नाही.

आडवा_धागा: सर्वांचे आभार. खिळ्या काढलेल्याच होत्या. दोरी आखूड करण्यापूर्वी बाजूने पाहिले, तेव्हा तिसरा शाफ्ट मुळातच इतरांपेक्षा वर टांगलेला दिसला. तो पातळीत आणताच धागे बऱ्यापैकी खाली बसले. नवा माग घेणार नाही आणि टेक्ससॉल्व्हही तूर्त नाही. सहा पेडलांच्या चोवीस जोडण्यांऐवजी दोनच पेडलांच्या आठ जोडण्या जुन्या दोरीने बांधून साधे पंचे विणण्याचे ठरवले आहे.

येवलेकर: म्हणजे शेवटी दोनच पायपट्ट्या.