वाचनगटात पुस्तक कोणी वाचूनच येत नाही, काय करावं?

कोपऱ्यातली खुर्ची:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या सोसायटीत ११ जणांचा वाचनगट सुरू केलाय, चार महिने झाले. पद्धत अशी की सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटून त्यावर गप्पा मारायच्या. पहिल्या भेटीला खुर्च्या कमी पडल्या होत्या, आणि परवा विचारलं की पुस्तक पूर्ण कोणी वाचलंय तर हात वर दोन, त्यातला एक माझाच. बाकीचे आपले "अर्धं झालंय", "सुरुवात मस्त आहे", एकजण तर नुसतं मलपृष्ठ वाचून दहा मिनिटं बोलले आणि खरं सांगते, बरे बोलले. पुस्तक फिरून परत आलं तेव्हा ३४व्या पानावर बसचं तिकीट अडकलेलं होतं, म्हणजे कोणीतरी तिथेच उतरलं. निवड मीच करते त्यामुळे मनाला जरा लागतं. गटात नववीतली मुलगी आहे, सत्तरीतले काका आहेत, सगळ्यांना आवडेल असं पुस्तक शोधायचं कसं?

अर्धवट_वाचक:
एक मिनिट, पुस्तक "फिरून परत आलं" म्हणजे ११ जणांत एकच प्रत?? अहो मग आवडीनिवडीचा प्रश्नच कुठे येतो, हिशोब करा ना. माणशी दहा दिवस धरले तरी ११० दिवस लागतात आणि तुम्ही भेटताय महिन्याने. तोवर जेमतेम तिघांच्या हातात पडणार, त्यात तुम्ही आधीच वाचलेलं. दोनच हात वर आले यात नवल काय.

कोपऱ्यातली खुर्ची:
अरे देवा. हे इतकं सरळ गणित माझ्या डोक्यात कसं नाही आलं 🤦‍♀️

नोंदवही:
मी वाचनालयाच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली, त्या अनुभवावरून लिहिते, लांबलंय, माफ करा. सगळ्यांना आवडेल असं पुस्तक नसतं, ते शोधायचं सोडून द्या. आमचे ग्रंथपालनातले गुरू म्हणजे रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली त्यातली दोन आहेत "प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक" आणि "प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक". म्हणजे जोड्या जुळवायच्या असतात, आणि त्या जुळवायला माणसाला बोलतं करावं लागतं.

काउंटरवर येणारे बहुतेकजण म्हणतात "काहीतरी चांगलं द्या". यातून काही म्हणजे काहीच कळत नाही. मी विचारायचे, शेवटचं आवडलेलं पुस्तक कोणतं, आणि लगेच पुढचा प्रश्न, त्यातलं काय आवडलं? एक गृहस्थ रहस्यकथा न्यायचे आणि दुसऱ्याच दिवशी न वाचता परत आणायचे, चार-पाच वेळा झालं. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाले, खून कोणी केला याच्याशी मला काही घेणं नाही हो, पण एका पुस्तकात त्या बंदराचं वर्णन होतं, ते डोळ्यांपुढून जात नाही. मग त्यांना प्रवासवर्णनं द्यायला लागले, तर पुस्तक परत मागायला मलाच फोन करावे लागले!

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्या म्हणतात पुस्तकात शिरायला चार दारं असतात, कथानक, पात्रं, स्थळ आणि भाषा. कोण कुठल्या दाराने आत जातो ते ओळखलं की अर्धं काम झालं. विषय सारखा आहे म्हणून पुस्तक सुचवलं की हमखास फसतं बघा.

तेव्हा विषय एक ठेवा आणि पुस्तकं ज्याची त्याची. या महिन्यात "समुद्र" किंवा "पत्रं" किंवा "आजी", ज्याला जे मिळेल ते त्याने वाचून यावं. एकाच प्रतीची भानगडही मिटेल.

तिरकस_टीप:
नोंदवहीताईंशी अर्धा असहमत. सगळे वेगवेगळं वाचून आले की प्रत्येकजण आपापलं सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात, भांडण कुठे होतं? एकाच पात्रावरून दोघं तावातावाने बोलायला लागले की खरी मजा, आणि त्याला पुस्तक एकच लागतं. माझं ऐका, कादंबरीऐवजी एक कथा घ्या, दहा-पंधरा पानांची, तिथेच बसून मोठ्याने वाचा, आळीपाळीने. घरून वाचून यायची कटकटच नको.

आणि अर्धवट सोडणाऱ्यांना बोलू नका हो. ताईंनी ज्यांचं नाव घेतलं त्याच नॅन्सीबाईंचा नियम आहे, ५० पानं वाचा, नाही जमलं तर सोडा, आणि पन्नाशी उलटली असेल तर १०० मधून वय वजा करून तेवढीच पानं वाचा. तुमच्या सत्तरीतल्या काकांना ३० पानं पुरे. शंभरी गाठलेल्याने मुखपृष्ठ बघून ठरवावं 😀

कोपऱ्यातली खुर्ची:
मोठ्याने वाचायचं हे भारी आहे, नववीतली मुलगी शाळेत नाटकात असते, ती तर खूश होईल. बाय द वे, आत्ता काकांना फोन केला होता, तर बसचं तिकीट त्यांचंच निघालं. म्हणाले पुस्तक चांगलंय गं, पण अक्षर इतकं बारीक की चार ओळी झाल्या की डोळ्यांतून पाणी येतं, आणि सगळ्यांसमोर कसं सांगू. मला वाटलं होतं कंटाळले.

नोंदवही:
अगं मग त्यांना टॅबवर ई-बुक दे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. छापील हवं असेल तर मोठ्या टाइपातलं बघ, १६ पॉइंट किंवा त्याहून मोठं. आणि नाहीच मिळालं तर ऑडिओबुक, ऐकणं हेही वाचणंच.

कोपऱ्यातली खुर्ची:
टॅब आहे घरात, उद्याच नेऊन देते. ३४व्या पानापासून पुढे लावून.