रॉकेट.चॅटचा मोंगो कंटेनर सुरू होताच बंद पडतो, एक्झिट कोड १३२

कलमवाली, देवगड
नमस्कार. आमची हापूसची कलमं आहेत, पॅकिंगची शेड घराच्या खळ्याला लागूनच. हंगामात बाग, शेड आणि ऑर्डर लिहून घेणारी मी, यांच्यात सारखे निरोप फिरतात: किती क्रेट निघाले, पाच डझनाच्या पेट्या किती भरल्या, डाग पडलेल्या फळाचा फोटो. यंदा एप्रिलात झाड पडून फायबर तुटली नि चार दिवस मी बागेत चढउतार करून आकडे आणले. शेड ते बाग वायफाय आमचंच, ते चालू होतं. तेव्हाच ठरवलं, निरोप घरातल्या घरात फिरायला हवेत.

भावाचा जुना कोअर टू ड्युओ डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम. त्यावर डेबियन लिनक्स, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतं ते) आणि त्याच्या कंपोज फाइलमध्ये रॉकेट.चॅट, म्हणजे आपल्याच यंत्रावर चालणारं निरोपांचं ॲप. त्याचा डेटाबेस मोंगो, त्याचा कंटेनर उठतो नि लगेच पडतो, एक्झिट कोड १३२. लॉग कोरा. इमेज (कंटेनर जिच्यातून बनतो ती) तीनदा उतरवली, व्हॉल्यूम (डेटा साठतो ती जागा) पुसला. आठ दिवस याच्यातच गेले. पुढचा मोहोर यायच्या आत हे उभं राहायलाच हवं.

प्रतिसाद, चिपळूणहून
ताई, तुमच्या फाइलीत चूक नाही. १३२ म्हणजे १२८ अधिक ४, आणि ४ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना मिळाली. मोंगो ५.० पासून एव्हीएक्स (प्रोसेसरच्या खास सूचनांचा संच) लागतं, ते कोअर टू ड्युओत नाही. कंटेनर यंत्राचाच प्रोसेसर वापरतो, त्यामुळे इमेज कितीदाही उतरवा, तेच होणार. मोंगो ४.४ चालेल, पण त्याचा आधार फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला आणि नवं रॉकेट.चॅट ते घेत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी मॅटरमोस्ट टीम एडिशन घ्या, तेही निरोपांचंच ॲप. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, त्याला एव्हीएक्स लागत नाही. एक गोष्ट सगळ्यांनाच अडवते: मॅटरमोस्ट कंटेनरमध्ये २००० क्रमांकाच्या युजरने चालतं, म्हणून त्याच्या फोल्डरांची मालकी आधी २००० ला द्या. पोस्टग्रेसच्या इमेजला ‘लेटेस्ट’ लिहू नका, आकडा लिहा. मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा उघडत नाही.

प्रतिसाद, गुहागरहून
राउटरमध्ये डेस्कटॉपचा आयपी कायमचा बांधून घ्या आणि मॅटरमोस्टच्या साइट यूआरएलमध्ये (त्याच्या पत्त्याच्या सेटिंगमध्ये) तोच द्या. इंटरनेट नसताना मोबाइलवर सूचना वाजणार नाही, ती बाहेरच्या सर्व्हरवरून येते. ॲप उघडं असेल तर निरोप दिसेल. बागेतल्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा. इन्व्हर्टरवर डेस्कटॉपसोबत राउटरही घ्या. आणि आता परतीच्या पावसाच्या विजा आहेत, गडगडायला लागलं की लॅनची वायर काढा. माझा बोर्ड तिच्यातूनच गेला.

बॅकअपला पीजी-डंप (पोस्टग्रेसमधल्या डेटाची प्रत) पुरत नाही, फोटो वेगळ्या फोल्डरात असतात. कंटेनर बंद करायच्या ‘डाउन’ आदेशाला ‘-व्ही’ कधी जोडू नका, नाव दिलेले व्हॉल्यूमही जातात.

कलमवाली
दोघांचेही मनापासून आभार. मालकी बदलल्यावर दुसऱ्या फटक्यात उठलं. पोस्टग्रेसला आकडा लिहिला, डंप आणि फोटो दोन्ही रोज रात्री पेनड्राइव्हवर जातात. काल मुद्दाम फायबरची वायर काढून ठेवली. बाबा वरच्या कुणग्यात भात कापत होते, तिथून त्यांचा निरोप आला, फोटोसकट: ‘कडेच्या दोन कलमांना पालवी फुटली आहे, बघून घे.’