उदाहरणाखालच्या दोन ओळींना काय म्हणावं?

प्रश्न : एका तांत्रिक विनिर्देशाचं (स्पेसिफिकेशनचं) मराठी करतोय. आधी नियम, मग उदाहरण आणि त्याखाली 'हे असं का' सांगणाऱ्या दोन ओळी. या ओळींना शीर्षक काय द्यावं? 'स्पष्टीकरण' लिहिलं, पण कायद्यात कलमाखाली येणारं स्पष्टीकरण कलमाचाच भाग असतं. इथे तर उदाहरण बंधनकारकही नाही. 'टीप'?

प्रतिसाद : टीप नको, टीप वाचक सोडून देतो. आणि या ओळी सोडून चालत नाही. आरएफसी ३३३९ हा इंटरनेटवर तारीख-वेळ लिहिण्याचा २००२चा विनिर्देश घ्या. त्यातल्या एका उदाहरणात ३१ डिसेंबर १९९०ची वेळ २३:५९:६० अशी आहे. सेकंद ५९पर्यंतच असतात ना? नुसतं उदाहरण पाहणारा ही छपाईची चूक समजेल आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये ६० आला की वेळ नाकारेल. खाली लिहिलंय की हा १९९०च्या अखेरीस घातलेला लीप सेकंद आहे, म्हणजे घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला घातलेला जादा सेकंद. तेवढ्या एका वाक्यामुळे उदाहरण कामाचं होतं. तिथेच दुसरं उदाहरण आहे, १९ डिसेंबर १९९६, १६:३९:५७, पुढे उणे ०८:००. उणे दिसलं की हात वजाबाकीकडे जातो, पण ही स्थानिक वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, आठ तास मागे आहे, म्हणून यूटीसी काढताना आठ तास मिळवायचे असतात. गोंधळ नको म्हणून उत्तरही दिलंय : २० डिसेंबर, ००:३९:५७.

आता शब्द. मराठीत तो फार जुना आहे : दार्ष्टान्तिक. महानुभाव पंथाच्या 'दृष्टान्तपाठ' या जुन्या ग्रंथात आधी चक्रधरांचं सूत्र येतं, मग त्यांनीच दिलेला दृष्टान्त आणि शेवटी ग्रंथाचे संकलक केसोबास यांचं दार्ष्टान्तिक, म्हणजे तो दृष्टान्त सूत्राला कसा लागतो ते. तुमच्या विनिर्देशाची मांडणी हुबेहूब हीच आहे! न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाची एक पायरी असलेला 'उपनय'ही जवळचा आहे, पण त्यात उदाहरणावरून समोरच्या गोष्टीकडे वळायचं असतं. इथे उदाहरणातच थांबायचंय.

प्रश्नकर्ता : शब्द मनापासून आवडला, पण प्रोग्रॅमर अडखळतील. 'खुलासा' चालेल?

प्रतिसाद : खुलासा मागवला जातो, त्याला आरोपाचा वास येतो. 'उलगडा' बघा. दुमडलेलं उघडून दाखवणं, एवढाच अर्थ. फक्त त्यात नियमाचं वाक्य पुन्हा लिहू नका, उदाहरणातल्या नेमक्या कोणत्या आकड्यामुळे काय घडतं तेच लिहा.

प्रश्नकर्ता : मग असं करतो. 'उलगडा : शेवटचा ६० हा लीप सेकंद आहे, म्हणून ही वेळ ग्राह्य.'