ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन टर्बो: कंपनीच्या एअर बॉक्सला कोणता फिल्टर?

प्रश्न: गाडी सांगली-जत रोज. हवेच्या फिल्टरचा डबा (एअर बॉक्स) कंपनीचाच ठेवायचाय. कागदी फिल्टर घ्यावा की धुता येणारा तेलाचा कॉटन?

उत्तर 1: जतची धूळ असेल तर कागदीच. कॉटनमधून हवा थोडी मोकळी जाते, पण बारीक धूळही जास्त जाते आणि ती टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पात्यांना घासते. कंपनीच्या डब्यात ताकदीचा फरक जाणवण्याइतका नसतो. आवाज मात्र किंचित वाढतो.

उत्तर 2: कॉटन घेतलाच तर धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, मगच तेल. प्रत्येक घडीवर एकच पातळ रेघ. जास्त झालं की तेल पुढे उडतं. एअर-फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ते त्याच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं.

उत्तर 3: फिल्टरपेक्षा रबरी कड महत्त्वाची. जुन्याशेजारी ठेवून लांबी, रुंदी, कडेची जाडी जुळवा. बसवण्याआधी डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसा. पाचशे किलोमीटरनंतर इंजिनाकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. तपकिरी धूळ आली तर कड गळत असू शकते. ऊसतोडीच्या हंगामात दर महिन्याला उघडून बघा. गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, कागद फाटतो आणि छिद्र डोळ्यांना दिसतही नाही.