मंगोलांनी व्यापार खरंच वाढवला की नुसत्या कत्तली केल्या?

वाटाड्या:
सध्या मंगोल साम्राज्यावर जे हाताला लागेल ते वाचतोय आणि डोक्याचा पार गोंधळ झालाय. एकीकडे वाचतो की १२२१ मध्ये मर्व आणि निशापूर ही शहरं बेचिराख केली, १२५८ मध्ये चंगीझच्या नातवाने, हुलागूने, बगदाद घेतलं, खलिफाला मारलं. आणि पान उलटलं की लगेच 'मंगोल शांतता', रेशीम मार्ग सुरक्षित झाला, पूर्व आणि पश्चिम जोडले गेले असं कौतुक सुरू. अहो, रेशीम मार्ग तर त्यांच्या आधी हजारेक वर्षं चालूच होता ना? मग यांनी नेमकं नवीन काय केलं? की एवढी माणसं मारल्यावर रस्ते सुनसान होणारच आणि त्यालाच आपण शांतता म्हणतोय? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. आणि 'सगळ्या धर्मांना मोकळीक दिली' एवढ्यावर थांबू नका प्लीज.

जुनी_पानं:
माझ्या मते कत्तल एका पारड्यात आणि व्यापार दुसऱ्या पारड्यात टाकून तोलायला गेलं की विषय हातातून निसटतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून आल्यात.

ओत्रार या ख्वारझमच्या सरहद्दीवरच्या शहरापासून बघा. १२१८ मध्ये चंगीझ खानाने साधारण ४५० व्यापाऱ्यांचा तांडा ख्वारझम या मध्य आशियातल्या राज्याकडे पाठवला, त्यातले बहुतेक मुसलमान. ओत्रारच्या सुभेदाराने ते हेर आहेत म्हणून त्यांना मारलं आणि माल जप्त केला. नंतर जाब विचारायला गेलेल्या दूतालाही तिकडच्या शहाने मारलं आणि १२१९ मध्ये स्वारी सुरू झाली. म्हणजे पश्चिमेकडचं युद्ध व्हायच्या आधीपासूनच व्यापारी खानाच्या पदरी होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता पदरी का होते? गवताळ प्रदेशात घोडे, मेंढ्या, लोकर, नमदा हे मुबलक, पण धान्य, लोखंड, चांगलं कापड बाहेरूनच यायचं. आणि खानाचं खानपण टिकतं ते वाटण्यावर. सरदारांना, त्यांच्या बायकांना, शिपायांना सतत काहीतरी देत राहावं लागतं, आणि त्यात सगळ्यात मान कशाला तर जरीच्या कापडाला, नसीज म्हणायचे त्याला. लूट एकदाच होते, पुढच्या वर्षी काय वाटणार? म्हणून शहर पडलं की कारागीर आधी बाजूला काढायचे. समरकंदचे विणकर थेट उत्तर चीनमध्ये नेऊन वसवले. १२५४ मध्ये विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा फ्रान्सिस्कन साधू काराकोरमला, म्हणजे मंगोलांच्या राजधानीला, पोचला तर तिथे खानासाठी चांदीचं झाड कोणी घडवलेलं, तर पॅरिसच्या सोनाराने! त्या झाडातून चार प्रकारची मद्यं वाहायची, आणि तो सोनार हंगेरीवरच्या स्वारीत पकडून आणलेला. ज्याला आपण सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतो तिचा बराच भाग असा कैद्यांच्या हातून झालाय, हे विसरून कौतुक करणं मला पटत नाही.

नवीन काय केलं म्हणाल तर दोन गोष्टी. एक म्हणजे याम, म्हणजे घोडे बदलायच्या चौक्या, चंगीझचा मुलगा आणि पुढचा खान ओगदेई याच्या काळात नीट बसवलेल्या, पैझा म्हणजे खानाच्या परवान्याची पट्टी दाखवली की घोडा, जेवण, मुक्काम सगळं मिळायचं. आणि दुसरी म्हणजे ओर्तोक. खान, राजपुत्र, राण्या हे व्यापाऱ्यांना चांदी द्यायचे आणि नफ्यात वाटा घ्यायचे. राज्यकर्ता व्यापाऱ्याला नुसतं संरक्षण देतो असं नाही तर स्वतःचं भांडवल घालतो, तेही एवढ्या मोठ्या मुलखात, हे आधी या प्रमाणात झालेलं नव्हतं.

रोखठोक:
वरचा प्रतिसाद मस्तच, पण यामचा खर्च कोणी केला तेही लिहा की. चौकीला लागणारे घोडे, चारा, धान्य सगळं आसपासच्या घरांवर लादलेलं. त्यात भर म्हणजे खानाचा माल म्हणून व्यापारीसुद्धा सरकारी घोडे वापरायला लागले, ते इतकं वाढलं की शेवटी पुढच्या काळातल्या मोंगके खानाला बंदी घालावी लागली. उत्तर चीनमध्ये ओगदेईने १२३९ च्या सुमारास कर गोळा करायचा मक्ता अब्दुर रहमान नावाच्या व्यापाऱ्याला दिला, बोली होती आधीच्या वसुलीच्या दुप्पट. ओगदेईचा मंत्री येलू चुत्साई याने विरोध केला पण ऐकलं नाही कोणी. हाच येलू चुत्साई, ज्याने आधी समजावलेलं की शेतं मोडून कुरणं करण्यापेक्षा कर घ्या, जास्त मिळेल.

इराणात तर जमिनीखालचे पाण्याचे बोगदे दुर्लक्षाने आणि युद्धाने मोडले, शेतकरी गावं सोडून पळाले, १२९५ नंतर तिथल्या मंगोल गझान खानाला कराची घडी नव्याने बसवावी लागली ती काय उगीच? त्याच्या आधी १२९४ मध्ये तिजोरी रिकामी झाली म्हणून तब्रीझमध्ये चीनसारख्या कागदी नोटा काढल्या, लोकांनी दुकानंच बंद केली आणि थोड्याच दिवसांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. चीनमधली कल्पना उचलून इराणात आणली की चालतेच असं नाही.

निळाई:
मला यातला कारागिरीचा भाग फार जवळचा आहे म्हणून लिहिते. चीनमधल्या जिंगदझेनची निळी-पांढरी चिनी माती, जी आज आपण 'अस्सल चिनी' समजतो, तिच्यातला तो गडद निळा कोबाल्ट इराणकडून यायचा आणि युआन काळातली, म्हणजे चीनमधल्या मंगोल राजवटीतली, ती मोठ्ठाली ताटं पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकांसाठी केलेली, तिकडे एका ताटाभोवती बसून जेवायची पद्धत म्हणून. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशी भांडी अजून आहेत. आणि उलट्या दिशेने बघा, इराणातल्या तख्त-ए-सुलेमानला इल्खानी, म्हणजे इराणच्या मंगोल राज्यकर्त्यांच्या, राजवाड्याच्या फरशांवर चिनी ड्रॅगन आणि फिनिक्स आलेत, १२७० च्या दशकात! १२६७ मध्ये जमालुद्दीन नावाच्या खगोलतज्ज्ञाने चीनमधल्या कुबलाई खानाला वेधयंत्रं आणि पृथ्वीचा गोल दिला. हे सगळं दरबाराने मागवलं म्हणून झालं, वाऱ्याने उडत नाही आलं.

वाटाड्या:
धन्यवाद सगळ्यांना, ओर्तोक हे पहिल्यांदाच कळलं. मग एक शंका, एवढी घट्ट व्यवस्था होती तर शंभरेक वर्षांत मोडली कशी? आणि दिल्लीवर हल्ले करूनही ते तिथे टिकले का नाहीत?

जुनी_पानं:
दिल्लीचं थोडक्यात सांगतो, दिल्लीची मोठी फौज, अलाउद्दीनसारखे सुलतान, उन्हाळा आणि चाऱ्याची अडचण, शिवाय मंगोलांचं आपापसातलं भांडण. मध्य आशियातून पळालेले विद्वान आणि कारागीर मात्र दिल्लीत आले, तो दिल्लीचा मोठाच फायदा.

मोडण्याबद्दल, मुळात 'एक साम्राज्य' १२६० नंतर उरलंच नव्हतं. १२६२ मध्ये इराणचा हुलागू आणि रशियाकडच्या गवताळ प्रदेशाचा खान बर्के हे सख्खे चुलतभाऊ कॉकेशसमध्ये एकमेकांशी लढत होते. इल्खानासाठी वधू म्हणून कोकेचिन राजकन्या चीनहून निघाली, तर जमिनीवरच्या लढायांमुळे तिला समुद्रमार्गे होर्मुझला न्यावं लागलं, मार्को पोलो त्याच ताफ्यातून परतला. खानाच्या घरच्या वधूची ही गत, मग साध्या व्यापाऱ्याची काय असेल! तरी व्यापार थांबला नाही हे खरं, कारण भांडणारे सगळेच खान व्यापाऱ्यांचे भागीदार होते.

कासवगती:
यात प्लेग राहिला. काळ्या समुद्रावरच्या काफा बंदराच्या वेढ्यात १३४६ मध्ये मंगोलांनी प्रेतं तटावरून आत फेकली आणि तिथून युरोपात प्लेग गेला ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ती लिहिणारा माणूस तिथे हजर असल्याचं मानलं जात नाही, आणि उंदीर-पिसवांना आत यायला प्रेतांची गरजही नव्हती, बंदरात जहाजं होतीच. त्यापेक्षा मला किर्गिझस्तानातल्या इस्सिक-कुल सरोवराजवळच्या कबरी महत्त्वाच्या वाटतात. १३३८-३९ या दोन वर्षांत तिथे मृत्यू एकदम वाढलेत, दगडांवर सिरियाक लिपीत 'साथीने मेला' असं कोरलंय आणि २०२२ मध्ये त्या हाडांमधून प्लेगच्या जंतूचा डीएनए निघाला. त्याच कबरींत हिंदी महासागरातले मोती आणि भूमध्य समुद्रातली पोवळी सापडलीत. रोग नेमका कोणत्या वाटेने पश्चिमेला गेला यावर अजून वाद आहेत, पण सरोवराजवळची ही वस्ती व्यापाराच्या वाटेवरच होती, एवढं त्या मोत्यांवरून दिसतंच.